काश्मीरची वारी

काश्मीर खोऱ्यात शांतता नांदते आहे की नाही, हे ठरविण्याची एक सोपी रीत गेल्या काही दशकांत रूढ झाली आहे. किती पर्यटक आले, दल सरोवरात किती शिकारे फिरले, गुलमर्गच्या हॉटेलांतील किती खोल्या भरल्या, याचे आकडे सरकारने प्रसिद्ध करावेत; विरोधकांनी त्या आकड्यांतील खोट काढावी; आणि वृत्तपत्रांनी दोन्ही बाजू छापून 'परिस्थिती पूर्वपदावर' किंवा 'परिस्थिती चिंताजनक' असा निवाडा द्यावा. सत्तेवर कोणताही पक्ष असो, ही रीत बदललेली नाही. वस्तुतः पर्यटकांची संख्या हे शांततेचे अनेक लक्षणांपैकी एक लक्षण आहे. त्या लक्षणालाच शांततेची व्याख्या मानले की काय घडते, याचा दाहक अनुभव देशाने, आणि विशेषतः महाराष्ट्राने, २२ एप्रिल २०२५ रोजी घेतला.

हा धडा पहिल्यांदाच मिळाला असेही नाही. १९८८ साली सात लाखांहून अधिक पर्यटक काश्मीर खोऱ्यात आले होते. हाउसबोटी भरलेल्या होत्या, बाजारपेठा फुललेल्या होत्या आणि वरवर पाहणाऱ्याला सारे काही आलबेल दिसत होते. परंतु त्याच काळात सीमेपलीकडे तरुणांना शस्त्रांचे शिक्षण दिले जात होते आणि खोऱ्यातील फुटीरतावाद उघडपणे डोके वर काढीत होता. पर्यटकांच्या आकड्यांत यातले काहीच दिसत नव्हते. १९९० साली हीच संख्या अकरा हजारांच्याही खाली आली आणि १९९१ साली ती सहा हजारांच्या घरात पोहोचली. १९ जानेवारी १९९० च्या त्या काळरात्रीनंतर शतकानुशतके तेथे राहणारा काश्मिरी पंडित समाज आपली घरे, बागा, ग्रंथ आणि देवघरे मागे टाकून जम्मूच्या तंबूंत येऊन पडला. दोन वर्षांपूर्वीच्या विक्रीचा आणि भरलेल्या खोल्यांचा हिशेब कोणाच्याही कामी आला नाही.

२०१९ नंतरचे चित्र निःसंशय वेगळे होते. ५ ऑगस्ट २०१९ रोजी कलम ३७० च्या विशेष तरतुदी संपुष्टात आल्या. ११ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयावर शिक्कामोर्तब केले. दरम्यान दगडफेक थांबली, हरताळाची आठवडावार पत्रके निघेनाशी झाली, नियंत्रण रेषेवरील शस्त्रसंधीचे फेब्रुवारी २०२१ पासून बऱ्याच अंशी पालन होऊ लागले. केरन, गुरेझ, टीटवाल यांसारखी सीमेवरची गावे पर्यटकांना खुली झाली. मे २०२३ मध्ये जी-२० देशांच्या पर्यटन कार्यगटाची बैठक श्रीनगरात पार पडली. हे यश खरे आहे आणि ते नाकारणे हा करंटेपणा ठरेल. २०२४ साली जम्मू-काश्मीरला भेट देणाऱ्यांची एकूण संख्या सुमारे २ कोटी ३६ लाख असल्याचे सरकारी आकडे सांगतात. मात्र या आकड्याची फोड केली, तर एक बोलकी गोष्ट समोर येते. यांतील सुमारे ९५ लाख लोक एकट्या वैष्णोदेवीच्या दर्शनाला आले होते. प्रत्यक्ष काश्मीर खोऱ्यात गेलेल्यांची संख्या ३५ लाखांच्या आसपास होती आणि तीमध्येही अमरनाथचे ५ लाखांहून अधिक यात्रेकरू समाविष्ट होते. म्हणजे ज्याला 'पर्यटनाचा विक्रम' म्हटले गेले, त्याचा मोठा आधार श्रद्धाळू यात्रेकरू हाच होता. ही बाब त्या वेळी कोणी फारशी लक्षात घेतली नाही. पुढे घडलेल्या घटनांनी ती लक्षात घ्यायला भाग पाडले.

पहलगामजवळील बैसरनच्या कुरणात त्या एप्रिलच्या दुपारी २६ जणांची हत्या झाली. धर्म विचारून, कुटुंबीयांच्या डोळ्यांदेखत पुरुषांना वेचून गोळ्या घालण्यात आल्या. मृतांत महाराष्ट्राचे सहा जण होते : डोंबिवलीचे तिघे, पुण्याचे दोघे आणि पनवेलचे एक. मुलांच्या परीक्षा संपल्या, रजा मंजूर झाली, म्हणून चार दिवस थंड हवेत घालवायला गेलेली ही सर्वसामान्य मध्यमवर्गीय माणसे होती. राज्य सरकारने विशेष विमाने पाठवून अडकलेल्या पर्यटकांना परत आणले. पुणे आणि मुंबईच्या विमानतळांवर उतरणारे ते भेदरलेले चेहरे महाराष्ट्राने दूरचित्रवाणीवर पाहिले आणि पुढचे सारे बेत रद्द झाले.

सांगवी, पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर, रहाटणी यांसारख्या वस्त्यांना या घटनेचा धक्का अधिक जवळून जाणवला, यात नवल नाही. पवना आणि मुळेच्या संगमालगत वाढलेल्या या उपनगरांत चाकण-भोसरीच्या कारखान्यांत काम करणारे कामगार व अभियंते, हिंजवडीतील संगणक क्षेत्रातील तरुण दांपत्ये, संरक्षण खात्याच्या आस्थापनांतून निवृत्त झालेले कर्मचारी आणि माजी सैनिक शेजारी शेजारी राहतात. वर्षातून एकदा कुटुंबाला घेऊन दूरच्या सहलीला जाणारा महाराष्ट्रातील वर्ग तो हाच. डोंबिवलीच्या ज्या घरांवर आघात झाला, त्यांत आणि सांगवीच्या कुठल्याही सोसायटीतील घरांत काडीचाही फरक नाही. तेव्हा त्या उन्हाळ्यात ज्यांनी काश्मीरचे आरक्षण रद्द केले, त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. लेकराबाळांना घेऊन निघणाऱ्या गृहस्थाने जिवाची काळजी करणे हे त्याचे कर्तव्यच असते.

हत्याकांडानंतर जम्मू-काश्मीर प्रशासनाने ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळे बंद केली. ७ मे रोजी 'ऑपरेशन सिंदूर' झाले, पाकिस्तानातील व पाकव्याप्त काश्मीरमधील दहशतवाद्यांचे नऊ तळ उद्ध्वस्त करण्यात आले. पाकिस्तानने पुंछ आणि उरीच्या नागरी वस्त्यांवर तोफा डागल्या, १० मे रोजी संघर्ष थांबला. पर्यटनाचा हंगाम तोवर हातचा गेला होता. जूनपासून काही स्थळे टप्प्याटप्प्याने पुन्हा उघडण्यात आली. ६ जून रोजी पंतप्रधानांनी चिनाब नदीवरील ३५९ मीटर उंचीच्या पुलाचे लोकार्पण केले आणि कटरा ते श्रीनगर रेल्वेगाडी धावू लागली. उधमपूर ते बारामुल्ला हा २७२ किलोमीटरचा लोहमार्ग पूर्ण होणे ही स्वतंत्र भारताच्या अभियांत्रिकी सामर्थ्याची मोठीच साक्ष होय. आता पर्यटन कधी सावरणार, हाच प्रश्न पुन्हा चर्चेला आला. हॉटेलांना सवलती द्या, विमानभाडे कमी करा, चित्रपटवाल्यांना बोलवा, जाहिराती द्या, असे उपाय सुचविले गेले. ते उपाय निरुपयोगी नाहीत. पण खोऱ्याकडे वळणारी पहिली पावले यांपैकी कोणत्याच उपायाने आली नाहीत.

३ जून २०२५ रोजी, हत्याकांडाला सहा आठवडे होताच, ज्येष्ठ शुद्ध अष्टमीला तुलमुलाच्या खीर भवानीच्या मंदिरात दरवर्षीप्रमाणे मेळा भरला. विस्थापित पंडित कुटुंबे जम्मूहून बसगाड्यांनी तेथे पोहोचली आणि त्यांनी देवीला दुधाचा नैवेद्य दाखविला. ३ जुलै रोजी अमरनाथची यात्रा सुरू झाली. यात्रेचा एक मार्ग त्याच पहलगामहून जातो. हत्या झालेले कुरण तेथून काही किलोमीटरवर आहे, हे प्रत्येक यात्रेकरूला ठाऊक होते. तरीही चार लाखांहून अधिक भाविक बाबा बर्फानीच्या दर्शनाला गेले. २०२४ मध्ये हीच संख्या ५ लाख १२ हजारांच्या घरात होती, म्हणजे घट झाली हे खरे. शिवाय पावसाने मार्ग खराब झाल्यामुळे यात्रा ठरल्यापेक्षा आठवडाभर आधी, ३ ऑगस्टलाच थांबवावी लागली. परंतु ज्या खोऱ्यातील निम्म्याहून अधिक पर्यटनस्थळांना एप्रिलमध्ये टाळे लागले, तेथे दहा आठवड्यांनी चार लाख माणसे स्वेच्छेने चालत जातात, याचा अर्थ कोणी लावायचा? त्यांना कोणी सवलत दिली नव्हती. कोणत्याही जाहिरातीला भुलून ती आली नव्हती. तेथले महागुणस, शेषनाग आणि पंचतरणी त्यांना परके वाटत नव्हते, एवढेच त्याचे कारण.

पर्यटक आणि यात्रेकरू यांतील अंतर येथे आहे. पर्यटक सुखासाठी जातो. सुखाची हमी संपली की तो दुसरे ठिकाण निवडतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. डोंगर, बर्फ आणि झरे त्याला हिमाचलातही मिळतात, युरोपातही मिळतात. यात्रेकरूला मात्र दुसरे ठिकाण नसते. अमरनाथला पर्याय सिमल्यात सापडत नाही. म्हणूनच अमरनाथच्या वाटेवर १ ऑगस्ट २००० रोजी पहलगामच्या तळावर रक्त सांडले, तरी पुढच्या वर्षी यात्रा निघाली. १० जुलै २०१७ रोजी अनंतनागजवळ बसवर हल्ला होऊन आठ यात्रेकरू दगावले, तरी दुसऱ्या दिवशी यात्रा निघाली. २००८ साली अमरनाथ देवस्थान मंडळाला यात्रेकरूंच्या तात्पुरत्या निवाऱ्यासाठी सुमारे १०० एकर वनजमीन देण्याच्या निर्णयावरून खोऱ्यात आगडोंब उसळला आणि सरकारने कच खाऊन तो निर्णय मागे घेतला, तेव्हा जम्मूचा समाज दोन महिने रस्त्यावर उतरला. एखाद्या हॉटेलच्या जागेसाठी असे आंदोलन कोणी केले असते का?

सांगवीकरांना हे अंतर समजावून सांगण्याची गरज पडू नये. ज्येष्ठ वद्यात देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम आटोपून पुण्याकडे निघते, तेव्हा ती सांगवीच्या शेजारून, दापोडीवरून जाते. इथल्या घराघरांतून माणसे तिला सामोरी जातात, कोणी पाणी देते, कोणी शिधा देते, कोणी चार पावले चालून येते. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी हा पालखी सोहळा सुरू केला तो १६८५ साली. त्या वेळी औरंगजेब आपल्या अफाट फौजेसह दक्षिणेत तळ देऊन बसला होता आणि मराठी मुलखातील कोणतीही वाट निर्धोक नव्हती. पंढरपूरचा मार्ग सुरक्षित झाल्यावर निघू, असे तेव्हाच्या वारकऱ्यांनी ठरविले असते, तर पुढची बावीस वर्षे, बादशहाच्या मृत्यूपर्यंत, त्यांना घरीच बसावे लागले असते. वारी चालू राहिली म्हणून वाट आपली राहिली. महाराष्ट्राच्या लोकजीवनाने साडेतीन शतके जपलेले हे सूत्र काश्मीरलाही तंतोतंत लागू पडते.

खुद्द स्वतंत्र भारतात काश्मीरची वाट आपली म्हणण्यासाठी किंमत मोजावी लागलेली आहे. भारतीय नागरिकाला जम्मू-काश्मीरमध्ये जाण्यासाठी परमिट घ्यावे लागे, असाही एक काळ होता. ते झुगारून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी ११ मे १९५३ रोजी राज्यात प्रवेश केला, त्यांना अटक झाली आणि २३ जून रोजी श्रीनगरात स्थानबद्धतेतच त्यांचे निधन झाले. आज दहा मिनिटांत काश्मीरचे तिकीट काढणाऱ्या तरुणाला हा इतिहास माहीत असायला हवा. दुसरे नाव तर सांगवीच्या अगदी शेजारचे आहे. नदीपलीकडे खडकीला बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आहे. याच सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांनी एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी या मार्गावरील सुरुंग आणि अडथळे शत्रूच्या माऱ्याखाली, स्वतः जखमी असताना, दूर केले. त्यांनी वाट मोकळी केली म्हणून रणगाडे पुढे सरकू शकले आणि राजौरीतील उरल्यासुरल्या नागरिकांचे प्राण वाचले. हयात असताना परमवीरचक्र स्वीकारणारे ते पहिले वीर. निवृत्तीनंतर ते पुण्यातच राहिले आणि १९९४ साली पुण्यातच त्यांनी देह ठेवला. कारवारच्या मातीतल्या, पुण्यात विसावलेल्या या सैनिकाने जी वाट मोकळी केली, तिच्यावरून चालण्याचा मराठी माणसाचा हक्क कोणा दहशतवाद्याच्या मर्जीवर अवलंबून ठेवता येईल काय?

आता प्रश्न उरतो तो खोऱ्यातील समाजाचा. याबाबत दोन टोकांचे सूर ऐकू येतात. काश्मिरी जनता पूर्णतः निरपराध आहे, असा एक. आणि तेथला प्रत्येक जण शत्रूला सामील आहे, असा दुसरा. वास्तव या दोहोंपेक्षा गुंतागुंतीचे आहे. बैसरनमध्ये ठार झालेल्या २६ जणांत पर्यटकांना वाचवू पाहणारा एक स्थानिक मुसलमान घोडेवालाही होता. दुसऱ्या दिवशी दहशतवाद्यांच्या निषेधार्थ खोऱ्यात बंद पाळला गेला आणि मशिदींच्या ध्वनिक्षेपकांवरून हत्येचा धिक्कार झाला. पस्तीस वर्षांत असे दृश्य दिसले नव्हते. परंतु हल्लेखोरांना आसरा दिल्याच्या आरोपावरून राष्ट्रीय तपास संस्थेने जून २०२५ मध्ये ज्या दोघांना अटक केली, तेही पहलगाम परिसराचेच रहिवासी होते. जीव देणारा आणि आसरा दिल्याचा आरोप असणारे एकाच परिसरात राहतात, हे काश्मीरचे खरे दुखणे आहे. पहिल्याला बळ द्यायचे आणि दुसऱ्यांना कायद्याने जेरबंद करायचे, यापलीकडे राष्ट्रहिताचे दुसरे धोरण असू शकत नाही. २८ जुलै रोजी सुरक्षा दलांनी 'ऑपरेशन महादेव'मध्ये बैसरनच्या तिन्ही मारेकऱ्यांना कंठस्नान घातले, त्याचे समाधान सर्व देशाला झाले. पण कंठस्नान घालण्याची वेळच येऊ नये, असे वातावरण तेथील समाजानेच घडवायचे आहे. २०१० आणि २०१६ च्या उन्हाळ्यात दगडफेकीला मूक संमती देणाऱ्या आणि मे २०१८ मध्ये श्रीनगरजवळ चेन्नईच्या एका तरुण पर्यटकाचा दगडाने बळी गेल्यावरही ओशाळेपणापलीकडे न गेलेल्या खोऱ्याने, २३ एप्रिल २०२५ चा निषेध एका दिवसापुरता ठेवू नये, अशी अपेक्षा करणे मुळीच गैर नाही. पर्यटकाच्या पैशाचे स्वागत करायचे आणि त्याच्या देशाविषयी मात्र मौन पाळायचे, हा व्यवहार फार काळ टिकत नाही.

शासनाच्या जबाबदारीबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. हजारो पर्यटक ज्या कुरणात जातात तेथे एकही सशस्त्र जवान नसावा, ही चूक गंभीर होती. नायब राज्यपाल मनोज सिन्हा यांनी जुलै २०२५ मध्ये सुरक्षेतील त्रुटीची जबाबदारी स्वतःवर घेतली. सार्वजनिक जीवनात दुर्मीळ झालेल्या या प्रांजळपणाची नोंद घेतली पाहिजे. परंतु जबाबदारी स्वीकारणे ही सुधारणेची सुरुवात असते. पर्यटकांचे आकडे फुगले की यंत्रणा निर्धास्त होते आणि पर्यटनाचा विक्रम हेच सुरक्षेचे प्रमाणपत्र समजले जाते, ही मानसिकता त्या त्रुटीच्या मुळाशी होती. १० नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ झालेल्या स्फोटाच्या तपासात पुलवामाच्या एका डॉक्टरचे नाव पुढे आले, तेव्हा हेच पुन्हा सिद्ध झाले. दहशतीचे विष बेरोजगारीतूनच निपजते आणि पर्यटनाने रोजगार दिला की ते आपोआप ओसरते, या लाडक्या सिद्धान्ताला सुशिक्षित डॉक्टरांच्या त्या टोळीने काय उत्तर दिले, याचा विचार तथाकथित विचारवंतांनी करायला हवा. विचारधारेशी विचारधारेनेच लढावे लागते, तेथे हॉटेलच्या खोल्या मोजून भागत नाही.

काश्मीर सावरले की नाही, हे मोजण्याचे खरे माप श्रीनगरच्या हब्बाकदलमध्ये, मट्टनमध्ये आणि अनंतनागच्या गल्ल्यांत आहे. तेथे पंडितांची कुलूपबंद, पडझड झालेली घरे आजही उभी आहेत. सरकारदरबारी नोंदविलेल्या विस्थापित काश्मिरी कुटुंबांची संख्या साठ हजारांहून अधिक असून त्यांत बहुसंख्य पंडित आहेत. जम्मूजवळच्या विस्थापितांच्या छावण्यांत जन्मलेल्या मुलांनी आता तिशी गाठत आणली आहे किंवा त्यांची आधीची भावंडे देशोदेशी पांगली आहेत. १९९८ च्या जानेवारीत वंधामा येथे २३ आणि २००३ च्या मार्चमध्ये नाडीमार्ग येथे २४ पंडितांची हत्या झाली. दोन्ही ठिकाणी बळी पडले ते मागे राहण्याचे धैर्य दाखविलेले लोक होते. पंतप्रधान पॅकेजखाली नोकरीवर परतलेल्या कर्मचाऱ्यांपैकी एकाला मे २०२२ मध्ये थेट सरकारी कचेरीत गोळ्या घालण्यात आल्या. पर्यटक चार दिवसांसाठी येतो, त्याला चार दिवसांची सुरक्षा पुरते. पंडिताला आपल्या आजोबांच्या घरात राहायचे आहे, तेथल्या शाळेत मुले घालायची आहेत, संध्याकाळी बाजारातून भाजी घेऊन एकट्याने घरी परतायचे आहे. ज्या दिवशी हे घडेल, त्या दिवशी काश्मीर सावरले असे म्हणता येईल. तोवर पर्यटकांची प्रत्येक नवी विक्रमी संख्या अर्धीच समजली पाहिजे.

या कामी महाराष्ट्राने यापूर्वी हातभार लावलेला आहे. पंडितांवर आपत्ती कोसळली त्या काळात बाळासाहेब ठाकरे यांच्या आग्रहामुळे राज्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत त्यांच्या मुलांसाठी जागा राखून ठेवण्यात आल्या. त्या जागांवर शिकलेले अनेक जण पुढे पुण्याच्या आसपासच स्थिरावले. 'सरहद'सारख्या संस्थेने काश्मिरी मुलांना पुण्यात आणून शिकविले. २०२३ पासून पुण्यातील गणेश मंडळांच्या पुढाकाराने श्रीनगरच्या गणपतयार मंदिरात सार्वजनिक गणेशोत्सव होऊ लागला. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला कुपवाड्यात मराठा बटालियनच्या ठाण्यावर छत्रपती शिवरायांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. बडगाम जिल्ह्यात इच्छगाम येथे महाराष्ट्र भवनासाठी अडीच एकर जमीन देण्यास २०२४ साली मंजुरी मिळाली. देशातील अन्य कोणत्याही राज्याने याआधी असे पाऊल टाकलेले नव्हते. ही वास्तू केवळ सरकारी विश्रामगृह होऊन राहू नये. मराठी यात्रेकरूला जेथे काश्मीरचा इतिहास कळेल, स्थानिक कारागिराला जेथे रास्त भावात आपला माल विकता येईल आणि परतू इच्छिणाऱ्या पंडित कुटुंबाला जेथे पहिल्या रात्रीचा आसरा मिळेल, असे ते घर व्हावे.

सर्वसामान्य मराठी कुटुंबालाही यात करण्यासारखे पुष्कळ आहे. काश्मीरला जायचे की नाही, हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. परंतु जायचे ठरले, तर सहल आखताना गुलमर्ग आणि सोनमर्गबरोबर मट्टनजवळचे मार्तंड सूर्यमंदिर पाहावे. सम्राट ललितादित्याने आठव्या शतकात उभारलेल्या त्या मंदिराचे भग्न खांब काश्मीरचा खरा परिचय करून देतात. खीर भवानीला जावे. १८९८ साली स्वामी विवेकानंद तेथे गेले होते. ज्यांना शक्य आहे त्यांनी किशनगंगेच्या काठी टीटवालला जावे, तेथे मार्च २०२३ मध्ये शारदामातेचे मंदिर पुन्हा उभे राहिले आहे आणि पलीकडच्या तीरावर पाकव्याप्त काश्मीरची भूमी दिसते. ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळे, गणेशोत्सव मंडळे आणि महिला बचत गट दरवर्षी सहली काढतातच. सांगवीच्या मैदानावर भरणाऱ्या पवनाथडी जत्रेत बचत गटांच्या भगिनी आपला माल मांडतात. त्यांच्याशेजारी काश्मीरच्या भगिनींचे केशर, अक्रोड आणि भरतकाम मांडले जाण्यास कोणती अडचण आहे? दलालाच्या हातून न जाता घरोघरी असे संबंध जुळले, तर त्या खोऱ्यातील देशनिष्ठ माणसाला एकटे वाटणार नाही आणि फुटीरतावाद्याला 'भारत म्हणजे फक्त फौज' हा अपप्रचार करता येणार नाही.

दहशतवादाला पर्यटनाची भीती वाटते ती त्यातील पैशामुळे फारशी नाही. पर्यटन हा जम्मू-काश्मीरच्या अर्थव्यवस्थेचा सात टक्क्यांच्या आसपास असलेला हिस्सा आहे. शेती, फळबागा आणि सरकारी खर्च यांवर तेथील मोठा संसार चालतो. त्याला भीती वाटते ती डोंबिवलीचा माणूस बैसरनला आपल्या अंगणात फिरावे तसा फिरतो याची. तो सहजपणा नष्ट करणे हाच २२ एप्रिलच्या गोळ्यांचा हेतू होता. सरकार सीमेवर आणि कुरणांत आपले काम करील. न्यायालये आणि तपास यंत्रणा आपले काम करतील. तो सहजपणा परत मिळविण्याचे काम मात्र समाजाचेच आहे, आणि ते एका हंगामात पुरे होणारे नाही. सहल एकदा होते. वारी दरवर्षी करायची असते, एका पिढीने थकल्यावर पुढच्या पिढीच्या खांद्यावर पताका द्यायची असते. पवनेच्या काठची माणसे हे शतकानुशतके करीत आली आहेत. लिडर आणि वितस्तेच्या काठी त्यांना याहून निराळे काही करायचे नाही.